हेलियमच्या फुग्याला दोरी किती ताकदीची लागते? हिशोब असा करा

दोरी घेताना बहुतेकांचा हिशोब एका वाक्यात संपतो. फुगा सात किलो उचलतो, दोरी पन्नास किलो सोसते, मग अडचण काय? वारा पडलेला असेल तोवर अडचण नाहीच. पण ताशी ४० किलोमीटरचा झोत आला की ३ मीटर व्यासाचा गोल फुगा दोरीला ३५ किलोच्या वर ओढतो, आणि ताशी ६० ला ८० किलोच्या वर. उचल मात्र तेवढीच, सात किलो. दोरी वाऱ्याशी झुंजत असते, गॅसची उचल त्या मानाने किरकोळ. म्हणून दोरीचा हिशोब वाऱ्यापासून सुरू करायचा.

हा हिशोब जाहिरातीसाठी, प्रदर्शनाच्या मैदानावर, दुकानाच्या गच्चीवर किंवा मंडपावर सोडतात त्या गोल फुग्यांचा आहे. साधारण १ ते ४ मीटर व्यास, पीव्हीसी किंवा रबराचे. माणूस किंवा महागडी उपकरणं वर नेणाऱ्या फुग्यांना तो लावू नका. त्यांचं शास्त्र आणि जबाबदारी दोन्ही वेगळी.

उचल किती

समुद्रसपाटीवर, तिशीच्या तापमानात, एक घनमीटर हवा सुमारे १.१६ किलो भरते आणि एक घनमीटर हेलियम सुमारे ०.१६ किलो. फरक १ किलो. म्हणजे फुग्याचं आकारमान जितके घनमीटर, तितके किलो एकूण उचल. गोलाचं आकारमान काढायला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा आणि ०.५२ ने गुणा.

३ मीटरच्या फुग्यात १४ घनमीटर हेलियम मावतो. सिलिंडर ४७ लिटरचा आणि १५० बार दाबाने भरलेला असेल तर त्यातून जेमतेम ७ घनमीटर गॅस मिळतो, म्हणून असे दोन सिलिंडर लागतात. एकूण उचल १४ किलो. त्यातून कापडाचं वजन वजा करा. ०.१८ मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी चौरस मीटरला साधारण २३० ग्रॅम भरतं, ३ मीटरच्या गोलाचं पृष्ठफळ २८ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा किलो कापड. जोडपट्ट्या, व्हॉल्व्ह आणि कड्या धरून सात. उरली निव्वळ उचल सात किलो.

पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असल्याने एकूण उचल सहा-सात टक्क्यांनी घटते आणि हाच फुगा निव्वळ सहा किलोच देतो. दोरीच्या ताकदीसाठी मात्र समुद्रसपाटीचाच आकडा धरा. चूक झाली तर सुरक्षित बाजूला होईल. कागदावरच्या आकड्यावर समाधान नसेल तर बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दोरीत अडकवून, वारा नसताना, उचल सरळ मोजून घ्या. पहाटेची वेळ यासाठी बरी.

व्यास वाढला की उचल घनाच्या प्रमाणात वाढते, वाऱ्याची ओढ वर्गाच्या. म्हणून लहान फुगा बाहेर फार लवकर आडवा होतो. २ मीटरच्या पीव्हीसी फुग्याची निव्वळ उचल जेमतेम सव्वा किलो, आणि ताशी २० च्या साध्या वाऱ्यातही त्याच्यावरची ओढ ४ किलो. दोरी जमिनीशी १७ अंशांवर लोळते आणि फुगा शेजारच्या पत्र्यावर आपटत राहतो. त्याच वाऱ्यात ३ मीटरचा ३८ अंशांवर उभा असतो, तर ४ मीटरचा पन्नाशीच्या वर. उघड्या जागी २ मीटरच्या पीव्हीसी फुग्यावर पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाऱ्याची ओढ

गोल फुग्यासाठी हे सूत्र पाठच करून ठेवा:

ओढ (किलो) = व्यास (मीटर) × व्यास × वाऱ्याचा वेग (ताशी किलोमीटर) × वेग ÷ ४००

३ मीटरचा फुगा आणि ताशी २०: ९ × ४०० ÷ ४०० = ९ किलो. ताशी ४०: ९ × १६०० ÷ ४०० = ३६ किलो. ताशी ६०: ९ × ३६०० ÷ ४०० = ८१ किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट.

या ४०० मध्ये हवेची घनता आणि ०.७ हा रोधगुणक (आकारामुळे वाऱ्याला किती अडथळा होतो तो आकडा) बसवलेला आहे. पुस्तकात गुळगुळीत गोलासाठी ०.४७ सापडेल, आणि मोठ्या गोलाला वेगवान वाऱ्यात त्याहूनही बराच कमी. ते आकडे एका जागी पक्क्या धरलेल्या गोलाचे आहेत. दोरीला बांधलेला फुगा वाऱ्यात आडवा झुलत राहतो, आणि झुलण्याने ओढ वाढते. त्यात जोडपट्ट्या, लोंबणारी बोंडी आणि थोडा सैल पडलेला पोटाचा भाग. म्हणून ०.७ च धरायचा, घासाघीस करायची नाही.

फुगा अर्धवट भरलेला असेल तर हे सूत्रही अपुरं पडतं. वाऱ्याच्या बाजूचं कापड आत दबून खोलगट होतं आणि फुगा शिडासारखा वारा धरतो. दुपारच्या उन्हात टणक भरलेला फुगा रात्रीच्या गारव्यात सैल होतो. ३८ अंशांवरून २२ वर आला की आकारमान पाच टक्क्यांनी घटतं. उचल त्याने फारशी बदलत नाही, बदलतो तो आकार, आणि मग फडफड सुरू होते. संध्याकाळी गॅसची थोडी भर घालायची ती यासाठी. सकाळी ऊन चढलं की तोच फुगा ताणून फाटू नये म्हणून थोडा गॅस सोडावाही लागतो. हे कंटाळवाणं काम टाळायचं असेल तर रात्री फुगा खाली उतरवून ठेवा.

आता वेग कोणता धरायचा? मोबाइलवर दिसतो तो सरासरी वेग आणि तोही सहसा १० मीटर उंचीचा. फुगा ३० मीटरवर असेल तर तिथे वारा १५ ते २० टक्क्यांनी जास्त असतो, म्हणजे ओढ पस्तीस-चाळीस टक्क्यांनी. झोत सरासरीच्या दीडपट सहज जातो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात "ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा" अशी ओळ असेल तर तो आकडा झोतांचा समजा.

डिसेंबर-जानेवारीत, दिवसाउजेडी, कुणीतरी सतत लक्ष ठेवून असेल तर ताशी ४० धरून चालेल. एप्रिल ते जूनमध्ये ६० च धरा. वळवाचा पाऊस येण्याआधीचं वादळ पाच-दहा मिनिटांत अंगावर येतं आणि ३ मीटरचा फुगा घाईघाईने उतरवायलाही तेवढाच वेळ जातो. कोकण किनाऱ्यावर दुपारी खारा वारा चढत जातो, सकाळी अकराला शांत वाटलं म्हणून चारला तसंच राहील असं नाही. पावसाळ्यात हे फुगे बाहेर सोडूच नयेत. वरच्या अर्ध्या पृष्ठभागावर नुसता ०.१ मिलिमीटर पाण्याचा थर राहिला तरी ३ मीटरच्या फुग्यावर १.४ किलो ओझं वाढतं, म्हणजे उचलीचा पाचवा हिस्सा गेला.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र नसेल तर आजूबाजूला पाहा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की ताशी २० ते २८. पानांनी भरलेली छोटी झाडं डोलू लागली की २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलायला लागल्या आणि छत्री सांभाळणं अवघड झालं की ३९ ते ४९. छोटी झाडं डोलू लागताच फुगा खाली घ्यायचा.

दोरीवरचा ताण आणि ५ ने गुणणं

उचल वर खेचते, वारा आडवा खेचतो, दोरीवर दोन्हींचा मिळून ताण येतो. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. ३ मीटर, ताशी ६०: ७ चा वर्ग ४९, ८१ चा वर्ग ६५६१, बेरीज ६६१०, वर्गमूळ ८१.३. उचलीमुळे पडलेला फरक पाव किलोचा! जोराच्या वाऱ्यात हे वर्गमूळ काढलं नाही तरी काही बिघडत नाही.

दोरीवरही वारा लागतो. ३ मीटरच्या फुग्याला ६ मिलिमीटरची ६० मीटर दोरी असेल तर साधारण नऊ टक्के भर पडते. सरसकट दहा टक्के वाढवा. म्हणजे आपल्या उदाहरणात ९० किलो.

या ९० ला ५ ने गुणा: ४५० किलो. दोरीची तुटण्याची ताकद किमान इतकी हवी. पाच पट ऐकून दुकानदार हसतो, पण त्याचे तुकडे करून पाहा. वारा क्षणभर पडतो, फुगा वर उसळतो, दोरी सैल होते आणि पुढच्या झोताला एकदम ताणली जाते. त्या हिसक्याला २ पट. गाठ मारली की दोरीची ताकद ६० टक्क्यांवर येते. ऊन, घासणं आणि वापर यांनी त्यातली आणखी वीस टक्के जाते. २ भागिले ०.६, भागिले ०.८ म्हणजे ४.२. वरचे उरलेले दशांश हे आपल्या अंदाजातल्या चुकांसाठी. खाली लोकांची वर्दळ असेल तर याहून कमी पट धरू नका.

लहान फुग्यालाही हीच रीत. ०.९ मीटरचा, म्हणजे तीन फुटी रबरी फुगा, निव्वळ उचल ३०० ग्रॅमच्या आसपास. ताशी ४० ला ओढ ०.८१ × १६०० ÷ ४०० = ३.२ किलो. दोरीचे दहा टक्के धरून साडेतीन, पाच पट म्हणजे १८ किलो. शिवणाचा दोरा किंवा फुगेवाल्याची रंगीत रिबन इथे टिकत नाही. पण १८ किलोची दोरी लावूनही अशा फुग्याचं मानेपाशीचं रबर आधी फाटतं. त्यामुळे रबरी फुगे बाहेर लावायचेच असतील तर दोनतीन मीटरच्या आखूड दोरीवर, आडोशाला लावा.

कोणती दोरी

नव्या, चांगल्या प्रतीच्या, पिळाच्या दोरीची तुटण्याची ताकद साधारण अशी असते. नायलॉन ४ मिलिमीटर: ३२० किलो, ६ मिलिमीटर: ७५० किलो. पॉलिएस्टर ६ मिलिमीटर: ५६५ किलो. पॉलिप्रॉपिलीन ६ मिलिमीटर: ५५० किलो. १०० मीटरचं वजन ६ मिलिमीटर नायलॉनचं सुमारे २.४ किलो, पॉलिप्रॉपिलीनचं १.७ किलो.

म्हणजे आपल्या ३ मीटरच्या फुग्याला ताशी ६० साठी ६ मिलिमीटर नायलॉन. ३० मीटर दोरीचं वजन पाऊण किलो, सात किलोच्या उचलीतून ते परवडतं. फक्त ताशी ४० पर्यंतच वापरणार असाल तर ३६.७ अधिक दहा टक्के, गुणिले ५, म्हणजे २०२ किलो. तिथे ४ मिलिमीटर नायलॉन चालेल.

नायलॉन यासाठी उत्तम कारण ते ताणतं आणि हिसका गिळतं. ओलं झालं की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद जाते, पण आपल्या पाच पटीत ते बसतं. पॉलिएस्टर कमी ताणतं, उन्हात जास्त टिकतं. महिनाभर लावून ठेवायचं असेल तर तेच घ्या. पॉलिप्रॉपिलीनची पिवळी-निळी दोरी स्वस्त आणि हलकी, पण ऊन खाऊन ती ठिसूळ होते. पीळ उलगडून दोन बोटांत चोळा, पांढरट भुकटी आणि तुटके तंतू हाताला लागले तर ती फक्त कपडे वाळत घालायच्या कामाची राहिली. डायनिमा नावाने मिळणारी दोरी २ मिलिमीटरमध्येच ३०० किलोच्या वर जाते, पण ती ताणत नाही, गाठीतून सरकते आणि १४५ अंशांच्या आसपास वितळते. दोरीला दोरी घासली तरी ती कापली जाऊ शकते.

तंगूस वापरू नका. एकसंध तंतू असल्याने एक ओरखडा पडला की सगळी ताकद गेली, आणि ताणलेला तंगूस डोळ्यांना दिसत नाही, गळ्याला मात्र लागतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तो तर विषयच नको. संक्रांतीच्या आसपास उलटाही धोका असतो: कुणाच्या पतंगाचा मांजा तुमच्या ताणलेल्या दोरीला घासून ती अर्ध्या मिनिटात कापू शकतो. त्या आठवड्यात पतंग उडतात त्या वस्तीत फुगा सोडू नये.

हार्डवेअरच्या दुकानात दोरी किलोवर मिळते, त्यावर ताकद लिहिलेली नसते, आणि पुनर्वापराच्या प्लॅस्टिकची दोरी दिसायला तशीच असते. चिठ्ठी नसलेल्या दोरीची ताकद वरच्या आकड्यांच्या निम्मी धरा, किंवा तपासून घ्या. तपासणी सोपी आहे. तीन मीटरचा तुकडा कापा, दोन्ही टोकांना तुम्ही फुग्याला मारणार त्याच गाठी मारा. मजबूत तुळईला एक टोक, दुसऱ्या टोकाला २०० लिटरचं रिकामं पिंप, जमिनीपासून इतकं वर की दोरी ताणल्यावरही ते टेकणार नाही. मग पाइपने पाणी सोडत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, पिंपाचं स्वतःचं वजन वेगळं. ९० किलो ताणाच्या दोरीने १८० किलो दहा मिनिटं धरायला हवेत. गाठीकडे लक्ष ठेवा: ती आवळत आवळत सरकू लागली, टोक आत खेचलं जाऊ लागलं तर दोरी चांगली असूनही गाठ बदलायची. दोरीच्या रेषेत आणि पिंपाजवळ कुणी उभं राहायचं नाही, आणि पोरांना आधी तिथून हाकला. तपासलेला तुकडा फुग्याला वापरू नका.

गाठ, कडी आणि फुग्याचं बूड

दोरी मधोमध सहसा तुटत नाही, गाठीत तुटते. साधी निरगाठ दोरीची निम्मी ताकद खाते. बोलाईन या न आवळणाऱ्या फासाच्या गाठीत साठ-सत्तर टक्के उरते, आठाच्या गाठीच्या फासात पंचाहत्तरच्या आसपास. आठाची गाठच मारा, टोक दोरीच्या जाडीच्या दहा-बारा पट बाहेर सोडा. नायलॉन गुळगुळीत असतं, आखूड सोडलेलं टोक रात्रभराच्या हिसक्यांनी आत जातं. बारीक तारेच्या कडीवरून दोरी थेट वळवू नका, फासात लोखंडी थिंबल, म्हणजे दोरी बसायला खाच असलेली कडी, बसवा. कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा.

फुगा वाऱ्यात स्वतःभोवती फिरतो आणि पीळ दोरीत साठत जातो. सैल पडली की दोरीला आकडे पडतात आणि त्या जागी ती कमकुवत होते. फुगा आणि दोरी यांच्यामध्ये एक फिरती कडी, म्हणजे स्विव्हेल, घालाच. तिच्यावर कामाचा भार किती ते कोरलेलं असावं, आपल्या उदाहरणात निदान १०० किलो. किल्लीच्या जुडग्याची शोभेची कॅराबिनर इथे चालत नाही.

मग फुग्याच्या बुडाची कडीपट्टी. सहा मिलिमीटर नायलॉन लावून आपण निश्चिंत होतो, आणि फुगा एकाच कडीवर टांगलेला असेल तर पीव्हीसीची चिकटवलेली पट्टी सोलून निघते. निदान तीन-चार कड्या असलेला फुगा घ्या, प्रत्येक कडीतून सारख्या लांबीची आखूड दोरी काढून ती सगळी खाली एका स्विव्हेलला आणा. या आखूड दोऱ्या फुग्याच्या व्यासाइतक्या तरी लांब ठेवा. फार आखूड असतील तर त्या बाजूला पसरून पट्टी आडवी ओढतात, आणि पट्टी सोलायला तोच कोन सगळ्यात सोपा पडतो.

फुगा एकाऐवजी तीन दोऱ्यांनी बांधला तर ताण तीन हिश्शांत वाटला जातो, ही समजूत काढून टाका. वाऱ्याच्या बाजूची एक दोरी ताठ होते, उरलेल्या दोन सैल लोंबतात. वारा दोन दोऱ्यांच्या मधून आला तरी त्या एकमेकींपासून फाकलेल्या असल्याने प्रत्येकीवर निम्म्याहून जास्त ताण येतो. तीन दोऱ्या फुगा जागेवर राहावा म्हणून वापरायच्या, आणि प्रत्येक दोरी पूर्ण ताणाच्या हिशोबानेच घ्यायची.

खाली काय धरून ठेवणार

सात किलो उचलीच्या फुग्याला पन्नास किलोची वाळूची गोणी पुरेल असं वाटतं. गोणी उचलली जाणार नाही, पण घसरेल. गोणी आणि फरशी यांच्यातलं घर्षण वजनाच्या चाळीस टक्के धरा. ताशी ४० च्या वाऱ्यात आडवी ओढ ३६ किलो: ३६ भागिले ०.४ म्हणजे ९०, अधिक ७ उचल, ९७ किलो. त्यावर दीडपट, म्हणजे जवळपास दीडशे किलो. ताशी ६० साठी तोच हिशोब ३१५ किलोवर जातो. सहा-सात गोण्या एकाच जाळीत किंवा ताडपत्रीत एकत्र बांधून घ्या, किंवा २०० लिटरची दोन भरलेली पिंपं एकमेकांना आवळा. सुट्ट्या गोण्या एकेक करून घसरतात.

गच्चीवर आरसीसी खांबाला किंवा पाण्याच्या टाकीखालच्या खांबाला दोरी घ्या. कठड्याच्या विटा, पाण्याचा पाइप, सोलरची चौकट आणि टीव्हीच्या छत्रीचा दांडा यांतलं काहीही नको. कठड्याच्या कडेवरून दोरी जात असेल तर तिथे जुन्या रबरी पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा, नाहीतर सिमेंटची कड रात्रीत अर्धी दोरी खाते. मैदानात मेख मारायची असेल तर ती ओढीच्या उलट बाजूला कलती ठोका, आणि भुसभुशीत जागी मेखेवर भरवसा न ठेवता वजनच ठेवा.

बॅनर लावला की हिशोब बदलतो

फुग्याखाली उभा बॅनर लावायची फार हौस असते. दोन्ही कडा दोऱ्यांना ताणून, वाऱ्याला तोंड देऊन उभा असलेला बॅनर म्हणजे सपाट फळीच. तिची ओढ: क्षेत्रफळ (चौरस मीटर) × वेग × वेग ÷ १८०. एक मीटर रुंद आणि पाच मीटर उंच बॅनरला ताशी ४० ला ५ × १६०० ÷ १८० = ४४ किलो. फुग्याचे स्वतःचे ३६! दोन्ही मिळून ८०, म्हणजे ताशी ४० च्या वाऱ्यात दोरीला ६० चा भार. मग दोरी, कडी आणि वजन सगळं त्या हिशोबाने वाढवा. बॅनर एकाच कडेने दोरीला बांधून झेंड्यासारखा फडकू दिला तर ओढ बरीच कमी होते, फडफडीने शिवण मात्र लवकर उसवते. फ्लेक्सला चार भोकं पाडल्याने काही साधत नाही, जाळीचं कापड घ्या. फॉइलच्या मोठ्या अक्षरांनाही हेच सपाट फळीचं सूत्र लावा, गोलाचं नाही.

फुगा वर असताना

दोरीचा कोन हा तुमचा चालता काटा आहे. फोनवर कोन मोजायचं ॲप असतं, बांधलेल्या जागेवरून फुग्याकडे रोखून जमिनीशी किती अंश होतो ते पाहा. ४५ अंश असेल तर ताण निव्वळ उचलीच्या १.४ पट, ३० ला दुप्पट, २० ला तिप्पट, १५ ला जवळपास चौपट, १० ला सहापट. सात किलोचा फुगा १० अंशांवर लोळतोय म्हणजे दोरीवर ४० किलो आहेत. ३० अंशांखाली गेला की उतरवायला लागा.

आडव्या झालेल्या फुग्याचा पल्ला दोरीच्या लांबीइतका असतो, आणि वारा कुठूनही येतो. ३० मीटर दोरी असेल तर सगळ्या बाजूंना निदान ४५ मीटरपर्यंत विजेची तार नको, रेल्वेची तर मुळीच नको. तिथे २५ हजार व्होल्ट असतात, आणि ओली दोरी किंवा चकचकीत फॉइल दोन्ही वीज वाहतात.

परवानगीचं आधीच बघा. जाहिरातीसाठी पुण्यात महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग आहे, शिवाय पोलीस ठाणं. लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं आहे, विमानतळाच्या परिसरात फुगा सोडायचा विचारही नको. मुंबई पोलीस उडत्या वस्तूंवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, चालू आदेश काय आहे ते त्या आठवड्यात विचारा. अमेरिकेत ६ फुटांहून मोठ्या व्यासाच्या बांधलेल्या फुग्याला, तो सुटलाच तर आपोआप गॅस सोडून खाली येईल अशी सोय लागते. आपल्याकडे कुणी विचारो न विचारो, मोठ्या फुग्याला अशी सोय करून घेणं शहाणपणाचं.

आणि गॅस खरोखर हेलियमच आहे ना, तेही पाहा. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमपासून जागेवर बनवलेला गॅस हायड्रोजन असतो. उचल थोडी जास्त देतो म्हणून दोरीच्या हिशोबात काही फरक पडत नाही, पण एका ठिणगीवर भडकतो. स्वस्तात मिळाला तरी परत पाठवा.

उतरवताना दोरी हाताला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची नाही. चामडी हातमोजे घाला. दोरी खाली बांधलेलीच ठेवून तिच्यावर एक कप्पी अडकवा आणि कप्पीला धरून दोघांनी फुग्याच्या दिशेने चालत जा. फुगा आपोआप खाली येतो आणि हातातून सुटली तरी दोरी बांधलेलीच असते. खाली आल्यावर वरच्या गाठीजवळचे पहिले दोन मीटर बोटांनी चाचपून पाहा. तिथे दोरी कडक, चपटी किंवा चकाकणारी लागली तर नायलॉन घर्षणाने वितळलं आहे. तेवढा भाग कापून टाका, नवी गाठ मारा. दुसऱ्यांदा तसंच झालं तर दोरी बदलण्याआधी कडीची कड तपासा, कारण तिथे बहुतेक धार आलेली असते.